थराला जागा द्या: सेमीकंडक्टर अभ्यासक्रम आखणाऱ्यांना खुले पत्र

सन्माननीय अभ्यास मंडळ सदस्यहो,

सविनय नमस्कार.

चिपनिर्मितीचे अभ्यासक्रम नव्याने आखले जात आहेत. पदवीत नवे पेपर येत आहेत, पदविकेत नवे विषय घातले जात आहेत. कोणता विषय किती तास शिकवायचा हे आपण ठरवता, म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे. माझे म्हणणे एकाच विषयापुरते आहे: वेफरवर, म्हणजे ज्यावर चिप घडवतात त्या सिलिकॉनच्या चकतीवर, पातळ थर बसवण्याचे शास्त्र, म्हणजे थिन फिल्म डिपॉझिशन. या विषयाला अभ्यासक्रमात बहुधा फार थोडी जागा मिळते, आणि जेवढी मिळते तिथेही तो पाठांतराचा विषय होऊन बसतो. त्याला स्वतंत्र पेपर द्यावा आणि त्या पेपराला प्रयोगशाळेची जोड द्यावी, ही माझी मागणी आहे.

नेहमीचा साचा आपल्या परिचयाचा आहे. स्फटिक कसा वाढवतात, मग ऑक्सिडेशन, डिफ्यूजन, आयन इम्प्लांटेशन, लिथोग्राफी, एचिंग, आणि सत्र संपत आले, परीक्षा तोंडावर आली की डिपॉझिशन. ऑक्सिडेशनच्या वाट्याला डील आणि ग्रोव्ह यांचे १९६५ चे समीकरण येते, फळ्यावर त्याची सिद्धता होते, त्यावर गणिते सोडवली जातात. डिपॉझिशनच्या वाट्याला एक तक्ता येतो. पीव्हीडी (पदार्थाचे अणू थेट उडवून बसवणे), सीव्हीडी (वायूंच्या अभिक्रियेतून थर बसवणे), एएलडी (एकेक अणुथर बसवणे) असे तीन रकाने आणि वेग, तापमान, दर्जा अशा ओळी. 'एएलडी सावकाश पण उत्तम' एवढे पाठ केले की दोन गुण पदरात पडतात. डील-ग्रोव्ह वगळा असे मी म्हणत नाही. एखादी प्रक्रिया समीकरणात कशी पकडावी हे शिकवायला ते फार चांगले उदाहरण आहे. पण ऑक्सिडेशनमध्ये सिलिकॉन स्वतः खर्ची पडून त्याचा ऑक्साइड होतो; तयार झालेल्या ऑक्साइडच्या जाडीपैकी साधारण ४४ टक्के जागा आधी सिलिकॉनची असते. आजच्या चिपमधले बहुतेक थर असे जागच्या जागी उगवत नाहीत. ते बाहेरून आणावे लागतात, हव्या त्या पृष्ठभागावर रुजवावे लागतात आणि खाली आधी बसवलेल्या थरांना धक्का न लावता बसवावे लागतात.

चिपचा उभा छेद पाहा. ३०० मिलिमीटर व्यासाचा वेफर सुमारे ७७५ मायक्रोमीटर जाड असतो. त्यातला अगदी वरचा पापुद्रा सोडला तर उरलेला सिलिकॉन आधाराचेच काम करतो. ट्रान्झिस्टरचे गेट (प्रवाह चालू-बंद करणारा भाग), गेटखालचा रोधक थर, बाजूचे स्पेसर, संपर्कासाठी भरलेले टंगस्टन, त्यावर चढत जाणारे तारांचे मजले, तारांच्या मधले रोधक, तांब्याला अडवून धरणारे अस्तर आणि सगळ्यात वरचे संरक्षक नायट्राइड, हे सगळे बसवलेले थर आहेत. लिथोग्राफी प्रकाशाच्या साहाय्याने आकार आखते आणि एचिंग नको ते काढून टाकते. काम संपल्यावर चिपमध्ये जे पदार्थ उरतात, ते डिपॉझिशनने आणलेले असतात.

शिवाय आकार आखण्याचे कामही आता लिथोग्राफीच्या एकटीच्या हातात राहिलेले नाही. स्वयंसंरेखित दुहेरी पॅटर्निंगमध्ये आधी एक तात्पुरती पट्टी उभी करतात, तिच्या अंगावर सगळीकडून सारख्या जाडीचा थर चढवतात, मग आडव्या जागांवरचा थर खरवडून काढतात आणि मधली पट्टीही काढून टाकतात. मागे उभ्या राहतात त्या पट्टीच्या दोन बाजूंच्या दोन भिंती, आणि त्या भिंतींची रुंदी म्हणजे बसवलेल्या थराची जाडी. तिथे रेषेची रुंदी प्रकाशाने ठरलेली नसते. ज्या ईयूव्ही, म्हणजे टोकाच्या अतिनील प्रकाशाच्या, लिथोग्राफीचे इतके कौतुक होते तिचे उदाहरणही घ्या. १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश जवळजवळ प्रत्येक पदार्थ शोषून घेतो, म्हणून तिथे भिंगे चालत नाहीत, आरसे लागतात. ते आरसे म्हणजे मॉलिब्डेनम आणि सिलिकॉन यांच्या आलटून पालटून बसवलेल्या चाळीस-पन्नास जोड्या, एकेक जोडी सुमारे ७ नॅनोमीटर जाडीची. या जोड्यांची जाडी थोडी जरी इकडेतिकडे झाली तरी आरशाची परावर्तनशक्ती कोसळते. म्हणजे लिथोग्राफीचे सर्वात महागडे यंत्रसुद्धा थर बसवण्याच्या कौशल्यावरच उभे आहे. अभ्यासक्रमात मात्र एकीला पाच आठवडे मिळतात आणि दुसरीला दोन तासिका.

या शास्त्राने उद्योगाला कसे वळण दिले याचे मला सर्वात प्रिय असलेले उदाहरण गेटच्या रोधक थराचे आहे, आणि ते प्रत्येक विद्यार्थ्याला सविस्तर सांगितले जावे असे मला मनापासून वाटते. गेटखालचा सिलिकॉन डायऑक्साइड पिढीगणिक पातळ होत गेला आणि १.२ नॅनोमीटरपर्यंत आला. ही जाडी म्हणजे जेमतेम पाच अणुथर. एवढ्या पातळ थरातून इलेक्ट्रॉन टनेलिंग करून पलीकडे जातात आणि ट्रान्झिस्टर बंद असतानाही वीज गळत राहते. उपाय कागदावर सोपा होता: डायइलेक्ट्रिक स्थिरांक जास्त असलेला पदार्थ घ्या, म्हणजे थर जाड ठेवूनही तेवढेच धारित्र (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळेल. सिलिकॉन डायऑक्साइडचा हा स्थिरांक ३.९ आहे, हॅफ्नियम ऑक्साइडचा वीसच्या आसपास. अडचण होती ती हा थर काही मोजक्या नॅनोमीटरांच्या जाडीत, संपूर्ण वेफरवर एकसारखा, छिद्राशिवाय कसा बसवायचा याची. २००७ मध्ये इंटेलने ४५ नॅनोमीटरच्या पिढीत हॅफ्नियमवर आधारित रोधक आणि धातूचे गेट उत्पादनात आणले. तो रोधक एएलडीने, म्हणजे एकेक अणुथर बसवण्याच्या पद्धतीने, बसवलेला होता.

ही पद्धत चिपसाठी जन्मलेली नव्हती. १९६० च्या दशकात लेनिनग्राडमध्ये अलेस्कोव्स्की आणि कोल्त्सोव्ह यांनी पृष्ठभागावर रेणूंचे थर एकापाठोपाठ एक चढवण्याचे प्रयोग केले. त्यांच्याशी संबंध नसताना फिनलंडमध्ये तुओमो सुन्तोला यांनी १९७४ मध्ये ती स्वतंत्रपणे विकसित केली. त्यांना चपट्या प्रकाशमान पडद्यांसाठी झिंक सल्फाइडचा निर्दोष थर हवा होता. याच कामासाठी २०१८ मध्ये त्यांना मिलेनियम टेक्नॉलॉजी पारितोषिक मिळाले. पडद्यांसाठी शोधलेली पद्धत तीन दशकांनंतर ट्रान्झिस्टरच्या गाभ्यात पोचली. पृष्ठभागावरचे रसायन नीट कळले तर ते कुठे उपयोगी पडेल हे आधी सांगता येत नाही, आणि म्हणूनच ते तक्त्यातल्या एका ओळीत उरकू नये.

ते रसायन वर्गात शिकवायला अवघडही नाही. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे उदाहरण घ्या. पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, आहेत. त्यावर ट्रायमिथाइल ॲल्युमिनियमची वाफ सोडली की ॲल्युमिनियम ऑक्सिजनला धरतो आणि मिथेन निघून जातो. आता पृष्ठभाग मिथाइल गटांनी झाकला गेला. आणखी कितीही वाफ सोडा, तिला धरायला जागाच नाही. अभिक्रिया आपोआप थांबते. नायट्रोजन किंवा आर्गॉनने चेंबर झाडून काढायचा आणि मग पाण्याची वाफ सोडायची. पाणी उरलेले मिथाइल गट मिथेनच्या रूपात काढून टाकते आणि त्यांच्या जागी पुन्हा हायड्रॉक्सिल ठेवते. एक फेरी पुरी झाली, थर साधारण ०.१ नॅनोमीटरने वाढला. दहा नॅनोमीटरसाठी अशा शंभरेक फेऱ्या.

इथे विद्यार्थ्याला प्रश्न पडावेत अशी रचना हवी. एका फेरीत ऑक्साइडचा पूर्ण एक थर का बसत नाही? कारण मिथाइल गट अंगाने मोठे असतात आणि शेजारच्या जागा अडवून ठेवतात. तापमान फार कमी ठेवले तर काय होईल? अभिक्रिया अर्धवट राहील किंवा वाफ गोठून साठेल. फार वाढवले तर? रेणू आधीच विघटित होईल, किंवा पृष्ठभागावरचे गट उडून जातील. मधली झाडलोट घाईत केली तर? दोन्ही वायू हवेतच एकमेकांना भेटतील, साधी सीव्हीडी सुरू होईल आणि जाडीवरचा ताबा सुटेल. खोल, अरुंद भोकात वेळ का लागतो? वायूला तळापर्यंत उतरायला आणि तिथून बाहेर निघायला अवधी हवा. 'सावकाश' या एका शब्दामागे एवढे सगळे आहे. हे कळलेला विद्यार्थी नवा पदार्थ समोर आला तरी वाट काढतो. तक्ता पाठ केलेला विद्यार्थी तिथे अडतो.

दुसरी गोष्ट निर्वाताची. डिपॉझिशन शिकवताना दाबाचे आकडे नुसते सांगून सोडले जातात, त्यांचा अर्थ सांगितला जात नाही. एक साधे गणित करून घ्या. वातावरणाच्या दाबाला हवेतला रेणू दुसऱ्या रेणूवर आदळण्यापूर्वी सरासरी ७० नॅनोमीटरच्या आसपास अंतर जातो. एक टॉर (दाबाचे एकक, वातावरणाच्या दाबाचा ७६० वा भाग) दाबाला तेच अंतर ५० मायक्रोमीटर होते, एक मिलिटॉरला ५ सेंटिमीटर, आणि टॉरच्या दहा लाखाव्या भागाला ५० मीटर. या चार आकड्यांतून अर्धा विषय उलगडतो. स्पटरिंगचे, म्हणजे आयनांच्या माऱ्याने धातूच्या तुकड्यातून (टार्गेटमधून) अणू उडवण्याचे, चेंबर काही मिलिटॉरवर चालते आणि टार्गेटपासून वेफर काही सेंटिमीटरवर असतो, म्हणून निघालेला अणू वाटेत मोजक्या धडका खाऊन जवळजवळ सरळ येतो. मग अरुंद भोकाच्या ओठांवर धातू साठतो आणि तळ कोरडा राहतो, वाऱ्याच्या पावसात खिडकीची चौकट भिजावी आणि आतला कोपरा सुका राहावा तसा. शंभर नॅनोमीटरच्या भोकात मात्र एक टॉर दाबालाही रेणू एकमेकांना भेटण्याआधी भिंतींनाच भेटतात, म्हणून तिथे वायूच्या नेहमीच्या प्रवाहाचे नियम लागू पडत नाहीत. आणि टॉरच्या दहा लाखाव्या भागाला चेंबरमध्ये उरलेल्या वायूचे रेणू, पृष्ठभागावर आदळणारा प्रत्येक रेणू चिकटला असे धरले तर, साधारण एका सेकंदात पूर्ण एक थर घालतात. टायटॅनियम किंवा ॲल्युमिनियम बसवताना चेंबरमध्ये पाण्याची वाफ का नको, हे यापेक्षा स्पष्ट करून सांगता येणार नाही.

सीव्हीडीबद्दलही असेच. वाढीचा वेग कधी पृष्ठभागावरच्या अभिक्रियेने ठरतो, कधी वायू तिथपर्यंत पोचण्याने. दाब कमी केला की वायूचे विसरण वाढते, अडथळा अभिक्रियेकडे सरकतो, आणि म्हणूनच उभ्या भट्टीत शंभराहून अधिक वेफर एकमेकांच्या अगदी जवळ ठेवूनही सगळ्यांवर सारखा थर बसतो. तिथे जपायचे ते तापमान. डायक्लोरोसायलेन आणि अमोनिया यांच्यापासून नायट्राइड बसवायला ७०० ते ८०० अंश सेल्सिअस लागतात. पण खाली ॲल्युमिनियमच्या तारा असतील तर? ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि तारा बसल्यावर ४०० अंशांच्या फार वर जाणे परवडत नाही. मग प्लाझ्माची (विजेने आयनित केलेल्या वायूची) मदत घ्यायची, म्हणजे तेच काम ३०० ते ४०० अंशांत होते. पण त्या थरात हायड्रोजन अडकून राहतो, थर कमी घट्ट होतो, हायड्रोफ्लोरिक आम्लात लवकर विरघळतो. वरवर पाहता दोन्ही नायट्राइडच, पण एकाच्या जागी दुसरे चालत नाही. विद्यार्थ्याने थराचे नाव सांगितले की लगेच 'कसा बसवलेला?' असे विचारायची सवय त्याला लागली पाहिजे.

ताण हा विषय मला अभ्यासक्रमात सर्वात कमी दिसतो, आणि काम करताना तो सर्वात जास्त भेटतो. प्रत्येक थर आपल्या खालच्या वेफरला ओढतो किंवा ढकलतो. १९०९ मध्ये स्टोनी यांनी विद्युतविलेपन केलेल्या धातूच्या थरावरून दाखवून दिले की आधार किती वाकला हे मोजले तर थरातला ताण काढता येतो. आजही वेफरची वक्रता मोजून तोच हिशेब होतो. ताण वाढला तर थर तडकतो, सोलून निघतो, किंवा वेफर इतका वाकतो की पुढचे यंत्र त्याला सपाट धरू शकत नाही. त्रिमितीय फ्लॅश मेमरीमध्ये ऑक्साइड आणि नायट्राइडचे थर एकावर एक रचतात. २०१३ मध्ये सॅमसंगने पहिली अशी मेमरी उत्पादनात आणली तेव्हा ती २४ थरांची होती, आता दोनशेच्या वर गेली आहे. प्रत्येक थराचा थोडा थोडा ताण साठत जातो, आणि शेवटच्या थरानंतरही वेफर सपाट हवा असतो. उलट बाजूही सांगितली पाहिजे, की हाच ताण कामालाही लावला गेला. २००३ मध्ये इंटेलने ९० नॅनोमीटरच्या पिढीत पी-प्रकारच्या ट्रान्झिस्टरच्या सोर्स आणि ड्रेन या दोन टोकांमध्ये सिलिकॉन-जर्मेनियम वाढवले. जर्मेनियमच्या स्फटिकातले अंतर सिलिकॉनपेक्षा सुमारे ४ टक्क्यांनी मोठे असते, त्यामुळे मधला चॅनेल (प्रवाहाची वाट) दाबला गेला आणि त्यातले होल, म्हणजे धन भार वाहणाऱ्या रिकाम्या जागा, अधिक वेगाने धावू लागले. एन-प्रकारावर ताणलेल्या नायट्राइडचे आवरण घातले. ट्रान्झिस्टर लहान न करता नुसत्या थरांच्या ताणातून वेग मिळवला. ही गोष्ट ऐकून ज्याचे डोळे चमकणार नाहीत असा विद्यार्थी मला तरी भेटलेला नाही.

थर एकटा नसतो, रचनेत असतो, हेही शिकवण्यासारखे आहे. संपर्काच्या भोकात टंगस्टन भरताना टंगस्टन हेक्झाफ्लोराइड वापरतात. त्याआधी टायटॅनियम आणि त्यावर टायटॅनियम नायट्राइडचे अस्तर घालतात. नायट्राइडला बारीक भेग असेल तर फ्लोराइड आत शिरून टायटॅनियमवर हल्ला करते, वरचा थर उचलला जातो आणि ज्वालामुखीच्या तोंडासारखा दोष तयार होतो. कारखान्यात त्याला व्होल्कॅनोच म्हणतात. टंगस्टन खराब दिसते, चूक अस्तराची असते. तांब्याचेही असेच आहे. १९९७ मध्ये आयबीएमने तांब्याच्या तारा जाहीर केल्या, पण तांबे ऑक्साइडमधून आणि सिलिकॉनमध्ये सहज पसरते आणि ट्रान्झिस्टरची वाट लावते. म्हणून आधी टँटलमचे अस्तर, मग तांब्याचा पातळ बीजथर, मग विद्युतविलेपनाने तळापासून वर भरणे. तार जितकी अरुंद तितकी अस्तराने खाल्लेली जागा मोठी. शिवाय तांब्यात इलेक्ट्रॉन सुमारे ३९ नॅनोमीटर गेल्यावर धडकतो, तार त्याहून अरुंद झाली की तो सतत भिंतींवर आपटतो आणि रोधकता वाढते. कोबाल्ट, रुथेनियम, मॉलिब्डेनम यांच्याकडे लक्ष वळले ते यामुळे.

आता आक्षेपांकडे येते. पहिला आक्षेप पैशाचा: यंत्रे महाग आहेत, कॉलेजात कुठून आणायची? कारखान्यातली यंत्रे आणायला कोणी सांगत नाही. एक चेंबर, एक रोटरी पंप, एक टर्बो पंप, दाबमापक, आर्गॉनची टाकी, लहान मॅग्नेट्रॉन (स्पटरिंगसाठीचे चुंबक लावलेले उपकरण) आणि तांब्याचे टार्गेट एवढ्यावर पुष्कळ शिकवता येते. काचेच्या पट्टीवर तांबे बसवा आणि चार टोकांच्या प्रोबने रोध मोजा. थर पातळ होत गेला की रोधकता पुस्तकातल्या आकड्यापासून कशी दूर जाते हे विद्यार्थी स्वतःच्या हाताने काढील. चेंबरमध्ये क्वार्ट्झ स्फटिक लावा. वस्तुमान वाढले की त्याची कंपने मंदावतात, हे १९५९ मध्ये सॉअरब्रे यांनी मांडलेले नाते वापरून जाडी बसतानाच वाचता येते. पॉलिइमाइडच्या पातळ पट्टीवर धातू बसवा आणि आर्गॉनचा दाब बदलत जा. वायूचा दाब कमी असताना बसवलेला थर सहसा आतून दाबलेला (संपीडित) असतो, जास्त असताना ताणलेला होतो, आणि पट्टी एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला वळते. ताण डोळ्यांना दिसतो. यातल्या कोणत्याही प्रयोगाला एकही विषारी किंवा पेट घेणारा वायू लागत नाही.

दुसरा आक्षेप मी अधिक वेळा ऐकते: कंपन्या नोकरीवर घेतल्यावर शिकवतातच, मग आपण कशाला? कंपन्या यंत्र चालवायला शिकवतात, रेसिपी सांगतात, अलार्म आला तर काय करायचे ते सांगतात. चालत्या उत्पादनात रेसिपी मुद्दाम बिघडवून काय होते ते पाहायची मुभा कोणालाही नसते, आणि नसावीही. ती मुभा फक्त प्रयोगशाळेत असते. अस्वच्छ काचेवर थर बसवून तो चिकटपट्टीने सोलून पाहणे, दाब मुद्दाम चुकवणे, गळती ठेवून बसवलेल्या थराचा रंग आणि रोध तपासणे, हे शिक्षण फक्त कॉलेजच देऊ शकते.

पदविकेच्या अभ्यासक्रमासाठी वेगळे म्हणणे आहे. यंत्रांची देखभाल हेच तंत्रज्ञ करतील. त्यांना पंप उघडता आला पाहिजे, ओ-रिंग बसवता आली पाहिजे, हीलियमने गळती शोधता आली पाहिजे. एक छोटासा प्रयोग तर पहिल्याच महिन्यात व्हावा: चेंबर रिकामे करून पंपाचा झडप बंद करायचा आणि दाब कसा चढतो याचा आलेख काढायचा. सरळ रेषेत चढत राहिला तर गळती, चढून मंदावत गेला तर भिंतींमधून सुटणारी वाफ. या एका आलेखाने कितीतरी तासांची शोधाशोध वाचते.

सुरक्षितता हा शेवटच्या प्रकरणातला परिच्छेद असू नये. सायलेन हवेला लागताच पेटू शकतो, ट्रायमिथाइल ॲल्युमिनियमही तसेच. टंगस्टन हेक्झाफ्लोराइड ओलाव्याशी भेटले की हायड्रोजन फ्लोराइड तयार होते. फॉस्फीन आणि आर्सीन अत्यल्प प्रमाणातही जीवघेणे आहेत. वायूचे कपाट, शोधक, दुहेरी नळी, बाहेर पडणारा वायू निष्प्रभ करणारी यंत्रणा, हे सगळे विद्यार्थ्याने यंत्राचे बटण पाहण्याआधी शिकलेले असावे. त्यातच पर्यावरणाचाही भाग यावा. थर फक्त वेफरवर बसत नाही, चेंबरच्या भिंतींवरही बसतो, जाड झाला की त्याचे कपचे उडून वेफरवर पडतात, म्हणून चेंबर वारंवार साफ करावे लागते. त्यासाठी वापरला जाणारा नायट्रोजन ट्रायफ्लोराइड शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सोळा हजार पटींहून अधिक उष्णता अडवतो आणि वातावरणात शतकानुशतके टिकतो. तो प्लाझ्मात पुरता फोडला जातो की नाही आणि उरलेला बाहेर जाण्याआधी नष्ट होतो की नाही, हे पाहणे प्रक्रिया अभियंत्याच्या कामाचाच भाग आहे.

हा विषय मागे पडण्याचे एक कारण मला असे दिसते की तो कोणत्याच एका विभागाचा नाही. पृष्ठभागाचे रसायन रसायनशास्त्राचे, प्लाझ्मा आणि निर्वात भौतिकशास्त्राचे, ताण यंत्र अभियांत्रिकीचा, उपकरण इलेक्ट्रॉनिक्सचे. प्रत्येक जण तो दुसऱ्याने शिकवला असेल असे धरून चालतो. म्हणून हा पेपर दोन-तीन विभागांच्या शिक्षकांनी मिळून शिकवावा अशी तरतूद आराखड्यातच असावी. शिक्षकांच्या सोयीवर ती सोडली तर ती होणार नाही.

आणि प्रश्नपत्रिका बदला. 'पीव्हीडी आणि सीव्हीडीतील फरक लिहा' या प्रश्नाने तक्ता तपासला जातो. त्याऐवजी असे विचारा: भोक ६० नॅनोमीटर रुंद आणि ३ मायक्रोमीटर खोल आहे, खाली तांब्याच्या तारा आहेत म्हणून ४०० अंशांच्या वर जाता येत नाही, तळापर्यंत ५ नॅनोमीटरचे टायटॅनियम नायट्राइड हवे आहे. पद्धत कोणती निवडाल, का निवडाल, आणि तळाशी थर खरोखर बसला आहे हे कसे तपासाल? या प्रश्नाला एकापेक्षा जास्त चांगली उत्तरे असू शकतात. गुण निवडीला न देता कारणांना द्यावेत.

पुढच्या फेररचनेत संपूर्ण पेपर बसवणे शक्य नसेल, तर निदान तीन गोष्टी कराव्यात: डिपॉझिशनच्या तासिका लिथोग्राफीइतक्या कराव्यात, एक निर्वात चेंबर घ्यावे, आणि वरच्यासारखा एक प्रश्न सक्तीचा ठेवावा. प्रयोगांची मांडणी, लागणाऱ्या भागांची यादी आणि प्रश्नांचे नमुने तयार करायला माझ्यासारखे या कामात असलेले अनेक जण आनंदाने वेळ देतील. आपण बोलवावे.

आपली नम्र,
थर बसवण्याच्या कामात असलेली एक प्रक्रिया अभियंता